पाचपर्यंत

४ जानेवारी

आजही ऑनलाइन तासाला भिंतीशी बोललो! बेचाळीस काळे चौकोन आणि मी. सगळ्यांचे माइक मीच बंद ठेवतो – नाहीतर कुणाचा कुकर, कुणाचा कुत्रा. प्रश्न विचारायचा, नाव घ्यायचं, माइक उघडायला सांगायचं, मनात पाच मोजायचे. उत्तर आलं तर ठीक, नाहीतर पुढचा. तेहतीस वर्षं वर्गातही हेच केलं. भूगर्भशास्त्रात लाखो वर्षं असतील, तास पन्नास मिनिटांचाच असतो.

एका चौकोनावर नाव काय, तर 'आईचा फोन'! म्हटलं, "आईचा फोन, आई घरी आहे का?" कुणी हसलं की नाही, कळायला मार्ग नाही. पाच मोजले. गप्प.

११ फेब्रुवारी

'आईचा फोन'चं मौनव्रत चालूच. यादीत पाहिलं – मुलगी आहे. हजेरी शंभर टक्के, गृहपाठ चोख. म्हणजे कुणाचा तरी उतरवलेला असणार!

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, त्या पोरीला बोलू तरी द्या."

"पाच सेकंद दिले की!"

"नशीबवान आहे. मला तेवढेही मिळत नाहीत."

९ एप्रिल

तोंडी परीक्षा. अखेर 'आईचा फोन'चा चेहरा दिसला – लहानखुरी, घाबरलेली. अगदी सोपा प्रश्न दिला : चुनखडीचा संगमरवर कसा होतो? तोंड उघडलं, मिटलं. मग मान खाली घालून बोटं चालायला लागली. उत्तर शोधत असणार, दुसरं काय! पाच मोजले. शून्य.

३० एप्रिल

गुण पाठवले. 'आईचा फोन' तोंडीत नापास. सुटलो.

१७ मे

हेडक्लार्कचा फोन : "सर, तासांच्या चॅटच्या फायली पाठवा, दप्तरी लावायच्यात." कसलं चॅट? मी खडकांची चित्रं पडदाभर लावतो, त्यामागे ती खिडकी झाकली जाते. कधी उघडलीच नाही.

आज त्या आपोआप साठलेल्या फायली उघडल्या. पहिल्याच दिवशी 'आईचा फोन'कडून, फक्त माझ्यासाठी : "सर, मी बोलताना अडखळते. पहिला शब्द निघायला वेळ लागतो. लिहून उत्तर दिलं तर चालेल?"

मग प्रत्येक तासाला उत्तरं. बहुतेक बरोबर. ९ एप्रिलला : "उष्णता, दाब आणि खूप वेळ, सर." त्याखाली : "लिहिलंय सर. बघता का?"

मी तेव्हा शून्य लिहीत होतो. आणि कॉपीचा आळ घेतला तिच्यावर, मनातल्या मनात का होईना! नालायक आहे मी.

१८ मे

कुणालाच सांगितलं नाही. हिलासुद्धा नाही. कुठल्या तोंडाने सांगू? उद्या बघू.

१९ मे

प्राचार्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "निकाल बदलता येणार नाही. फेरपरीक्षा होईल, लेखी घ्या. पण शुक्रवारपर्यंत तिचा अर्ज हवा."

२० मे

नंबर लावला. आईनेच उचलला – फोन तिचाच ना! "देते हं. पण घाई करू नका सर, तिला वेळ लागतो."

सगळं सांगितलं. माफी मागितली. अर्ज कर म्हटलं. आणि थांबलो. पाच झाले, वीस झाले, मग मोजणं सोडलं.

"स… सर, मी… मी कॉलेजातून नाव काढून घेतलं. परवा."