एक मात्रा कमी

८ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

माझे रिपोर्ट घेऊन तू तिकडच्या मोठ्या डॉक्टरांना भेटलास, बरं झालं. पायातल्या रक्ताच्या गाठीवर गोळ्या चालू आहेत, तोवर ‘क जीवनसत्त्व जपून’ असं त्यांनी सांगितल्याचं तू पत्रात कळवलंस. ऐकतेय, पण डोकं चक्रावलंय रे! तीस वर्षं रोपवाटिकेत आवळ्या-लिंबाची रोपं विकली ती या क च्याच जोरावर. हिरड्यांतून रक्त आलं की आवळा चघळा, खोकल्याला त्याचं चूर्ण मधातून घ्या, थकलात की लिंबूपाणी प्या, ही आत्याची शिकवण मी गिऱ्हाइकांना पढवत आले. आणि आता मलाच बंदी!

पेरूसुद्धा सोडला. आंबट-तुरटाच्या जागी दोन्ही वेळा वाटी वाटी पालक खातेय, वर कोबी. तरी पाय पुन्हा सुजलाय, गोळी लागू पडत नाही म्हणतात. सूनबाईला वाटतं, मी चोरून लिंबू खाते. शपथ घेऊन सांगते, चाटलंसुद्धा नाही. मग चुकतंय कुठे?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई

१३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन तडक डॉक्टरांकडे गेलो. आवळा कुणी बंद केला, असं त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच. ते म्हणाले, मी कशाला करू? आमच्यापैकी वेडं कोण, तेच कळेना. मग त्यांनी तू पालेभाजी किती खातेस ते विचारलं. मी सांगितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

ताई, ते ‘के’ म्हणाले होते. ते जीवनसत्त्वच वेगळं. पालक-कोबीत भरपूर असतं, रक्त गोठायला मदत करतं. एकदम वाढलं की तुझ्या गोळीचा जोर कमी होतो. आंबटातलं ते ‘क’, जेवणातलं लिंबू तुला चालतं. छापखान्यात जन्मभर लोकांच्या काना-मात्रा तपासल्या, आणि सख्ख्या बहिणीच्या पथ्यातली मात्रा गाळली!

तुझा फोन लागत नाही. आमचा कंपोझिटर आजच तिकडे निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. त्याला फक्त तुला दवाखान्यात न्यायला सांगितलंय. असशील तशी नीघ. मला फार भीती वाटतेय.

तुझा अपराधी,
धाकटा

१९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी वाईट ते सांगते. आणखी दोन दिवस गेले असते तर भरवसा नव्हता, असं इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चार दिवस ठेवून घेतलं. आता सूज उतरतेय. पालेभाजी खायची, पण रोज मोजकी आणि सारखीच. काल लिंबाची फोड मिळाली, सालासकट खाल्ली.

सूनबाई फार संतापली होती. मामांचं ते पहिलं पत्र दाखवा, त्यांना जाब विचारते म्हणाली. मी आत गेले, तुझ्या ‘क’ वर पेनाने मात्रा दिली आणि मग पत्र तिच्या हातात ठेवलं. दुसरं फाडून टाकलंय. तुझं एक प्रूफ मीही तपासलं म्हण ना!

तिने पत्र दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि आज मला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली. माझा नंबर काही बदललेला नाही. पण मी मुकाट्याने फ्रेम निवडली.

लोभ आहेच, तो कमी करण्याचं आता मनातही आणू नकोस.

तुझी,
ताई