छत्रीवाल्या काकापासून पन्नास मीटर

मुक्काम एस्तेरो हिकारो
(नेमकं कुठे, ते पुढे ओघात येईल)
मंगळवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

तीर्थस्वरूप एर्मेलिंदाताईस,

धाकट्या बेलार्मिनोचा बसल्याजागून नमस्कार. (उभा राहून केला असता, पण उजव्या घोट्याने सध्या संप पुकारला आहे. कारण पुढे.) तुझी कंबर, तुझा खोकला, तुझी मांजर आणि तुझी ओर्तेन्सियाची निळ्या फुलांची झुडपं ही सगळी खुशाल असतील अशी आशा करतो. सार्सेरोत धुकं असेलच. तू गुळाचं गरम पाणी घेऊन खिडकीशी बसली असशील आणि शेजारणीला सांगत असशील, की बघा, चौतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटली, आणि स्वतःचं एक लिहायला याचा हात झिजतो. पत्राला उशीर झाला हे कबूल. पण सगळं वाच आणि मग काय बोलायचं ते बोल.

विनंती विशेष. तुझी लेक योर्लेनी दोन वर्षं आपल्या मागे लागली आहे, की मामा, आईला घेऊन इकडेच राहायला या, गाव वाढतंय, माझी खाणावळ बरी चाललीय, मागे दोन खोल्या रिकाम्या आहेत. तू दोन वर्षं तिला ‘बघू’ म्हणालीस, आणि तुझ्या ‘बघू’चा अर्थ अख्ख्या सार्सेरोला ठाऊक आहे. शेवटी मला पाठवलंस, की आठ दिवस राहा आणि त्या गावात काय काय वाईट आहे ते सगळं लिहून कळव. (चांगलं काय आहे तेही लिही, असं तू म्हणाली नव्हतीस, हे मी इथे मुद्दाम नमूद करतो.) बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणालीस, ‘‘इथे अर्धं गाव माझ्या ओर्तेन्सियापासून मोजतं, बेलार्मिनो. तिथे आपल्याला कोण मोजणार?’’ बस सुटली म्हणून वाचलो.

खरंच आहे ते. दवाखाना कुठे? एर्मेलिंदाबाईंच्या ओर्तेन्सियापासून दक्षिणेला शंभर मीटर. चीजवाले कुठे राहतात? ओर्तेन्सियापासून दोनशे मीटर, मग चर्चकडे पंचवीस. आणि मी कुठे राहतो? ओर्तेन्सियाच्या मागे. चौतीस वर्षं मी साऱ्या गावाचे पत्ते तोंडपाठ ठेवले, पण माझ्यापासून कुणी कधी एक पाऊलही मोजलं नाही. निवृत्त झाल्यावर तर पत्ता विचारायलाही कुणी येईना. हे तुला मी कधी बोललो नव्हतो. पत्रात बरं पडतं, तुझा चेहरा दिसत नाही.

तर उतरलो. अंगात तू विणलेला स्वेटर, हातात काळी छत्री, डब्यात तुझं चीज, आणि खिशात योर्लेनीने लिहून पाठवलेला पत्ता: बदामाच्या झाडापासून समुद्राकडे दोनशे मीटर, डोंगराकडे पन्नास, पिवळं घर. एवढा स्वच्छ पत्ता मी आंधळ्याला समजावला असता. पण बदामाचं झाड दिसेना. त्याच्या जागी हार्डवेअरचं नवंकोरं दुकान. मालकाला विचारलं, बदाम कुठे आहे हो? तो म्हणाला, ‘‘बदाम आपण ठेवत नाही काका. खिळे आहेत, पत्रे आहेत.’’ बाहेर एक म्हातारा जाळं विणत बसला होता, त्याला विचारलं. त्याने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, ‘‘कुठलं बदामाचं झाड? कापलेलं की पडलेलं?’’

ताई, मी हादरलोच. या गावात दोन बदामाची झाडं होती आणि दोन्ही नाहीत. एक वादळात पडलं, दुसरं गेल्या महिन्यात हार्डवेअरसाठी कापलं. जुनी माणसं पडलेल्यापासून मोजतात, मधली कापलेल्यापासून, आणि नवी आलेली हार्डवेअरपासून, आणि तिघांचेही शंभर मीटर वेगवेगळे. (आपल्याकडे शंभर मीटर म्हणजे एक चौक, मग तो चाळीस पावलांचा असो की दोनशे. इथे चौकच नाहीत. ज्याला जिथे दम लागतो तिथे त्याचे शंभर मीटर संपतात.) योर्लेनी इथे येऊन तीनच वर्षं झाली, वादळ त्याआधीचं, म्हणजे तिचं झाड कापलेलंच असणार, हा हिशोब कुणालाही जमला असता. मी, टपालखात्याचा चौतीस वर्षांचा अनुभवी माणूस, पडलेल्यापासून मोजत निघालो.

पिवळं घर लगेच सापडलं. (सापडणारच. हार्डवेअरवाल्याकडे पिवळा रंग जास्त आला होता, तो त्याने गावात खपवला. बारा घरं मी नंतर मोजली.) दार सताड उघडं, चुलीपाशी एक धिप्पाड बाई. मला बघताच म्हणाली, ‘‘आलात एकदाचे! हात धुवा, आधी जेवून घ्या.’’ मला वाटलं, ही योर्लेनीच्या खाणावळीतली बाई, योर्लेनीनेच सांगून ठेवलं असणार. बसलो. काळ्या घेवड्याचा भात, तळलेला मासा, पिकल्या केळ्याचे काप. मासा मी दोनदा घेतला. स्वभाव तुला माहीत आहे. शेवटचा घास गिळतो न गिळतो तोच बाईने माझ्या हातात दोर दिला आणि म्हणाली, ‘‘उतरा आता.’’ मी विचारलं, कुठे? ती म्हणाली, ‘‘विहिरीत. अकरा दिवस वाट बघतेय तुमची, पंप बंद पडलाय.’’

आता इथे कुणीही शहाणा माणूस सांगेल की बाई, मी पंपवाला नव्हे, पोस्टमन आहे, तोही माजी. पण ताई, दोनदा घेतलेला मासा पोटात असताना हे तोंडातून निघत नाही. खाल्ल्या मिठाला जागायचं ठरवलं आणि उतरलो. स्वेटरसकट. तिसरी पायरी लाकडाची होती आणि कुजलेली होती. पुढचं थोडक्यात सांगतो: मी पंपावर पडलो, घोटा मुरगळला, आणि पंप सुरू झाला.

त्या बाईचं नाव फ्लोरिबेथ. वरून ती ‘‘देवमाणूस, देवमाणूस’’ म्हणून ओरडत होती आणि खाली मी गुडघाभर पाण्यात उभा राहून देवाचं नाव घेत होतो. मला बाहेर काढायला चार शेजारी आले, त्यांतल्या एकाने मला ओळखलं. म्हणजे मला नव्हे, स्वेटरला. योर्लेनीने गावभर सांगून ठेवलं होतं की माझा मामा येतोय, या उकाड्यात स्वेटर घातलेला माणूस दिसला की तोच. (खरा पंपवाला त्याच वेळी योर्लेनीच्या खाणावळीत पोटभर जेवून विचारत होता, की तुमची विहीर कुठे आहे?)

तेव्हापासून मी बसून आहे. खाणावळीच्या बाहेर, समुद्राचा रस्ता जिथे फुटतो तिथे एक बाक आहे. त्यावर मी, समोरच्या खोक्यावर पाय, डोक्यावर उन्हासाठी छत्री. पहिल्या दिवशी हात हलवून माशा वारल्या. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं, की शिंपीण कुठे राहते? मला माहीत नव्हतं आणि ते मला सहन झालं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारून विचारून वहीत टिपायला लागलो. चौथ्या दिवशी मला कापलेल्यावरून पडलेल्यात आणि पडलेल्यावरून हार्डवेअरमध्ये पत्ते फिरवता यायला लागले. आता तर लोक रांग लावतात. मास्तरीणबाईंची खुर्ची सात महिने भलत्या घरी होती, ती मी बसल्या बाकावरून शोधून दिली.

आणि परवा सकाळी एक बाई माझ्या अगदी शेजारी उभी राहून फोनवर गॅसवाल्याला पत्ता सांगत होती. मी अर्थातच कान दिला, चुकली तर सुधारावं म्हणून. ती म्हणाली, ‘‘अहो ते छत्रीवाले काका बसतात ना, त्यांच्यापासून समुद्राकडे पन्नास मीटर.’’ पलीकडचा बहुतेक ‘हां हां’ म्हणाला असावा, कारण तिने लगेच फोन ठेवला. ताई, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. (थोडा धुळीचाही भाग होता. रस्ता कच्चा आहे.) अडुसष्टाव्या वर्षी कुणीतरी माझ्यापासून मोजलं.

पण तू वाईट काय ते लिही म्हणाली होतीस, आणि मी तुझा शब्द मोडत नाही. तर ऐक. उकाडा असा की तुझं चीज तिसऱ्या दिवशी डब्यात पोहायला लागलं. कॉफीला खारट चव येते, योर्लेनी म्हणते मला भास होतो. छपरावर एक घोरपड राहते आणि रोज दुपारी झोपेत खाली पडते. पहाटे माकडं अशी बोंबलतात की पहिल्या दिवशी मला वाटलं कुणी गेलंच. गाव वाढतं म्हणजे किती वाढावं? आज जिथे गाय बांधलेली असते तिथे उद्या भिंत असते, आणि गाय बिचारी भिंतीकडे बघत उभी. चर्च आहे, पण घंटा अजून यायची आहे, तोवर पाद्रीबुवा पातेलं वाजवतात. धुकं नावालाही नाही. शेजारी न विचारता घरात येतात, बसतात, आणि आपलीच भाकरी आपल्याला आग्रहाने वाढतात. फ्लोरिबेथ रोज मासा पाठवते आणि नको म्हटलं की दोन पाठवते.

एकूण तुझं म्हणणं बरोबर. या वयात मुळं उपटून जाण्यासारखी ही जागा नव्हे. सर्व बाजूंनी विचार करून मी ठरवलं आहे, की घोटा जमिनीला टेकला की येत्या रविवारच्या बसने परत यायचं. योर्लेनी थोडी रडेल, पण ती तुझीच लेक आहे, रडून झालं की भांडी घासायला घेईल. मांजरीला माझी आठवण सांग. तुझी माया आहे ती अशीच राहू दे, आणि हे पत्र शेजारणीला वाचून दाखवू नकोस, निदान विहिरीचा भाग तरी.

तुझा,
बेलार्मिनो

ता. क. (पत्र टाकायचं राहिलं, आज शुक्रवार.) रविवारचं जमेलसं दिसत नाही. काल ऊन फार म्हणून मी बाक बारा मीटर मागे, सावलीत ओढला. दुपारपर्यंत गॅसची टाकी पाद्रीबुवांकडे, पाद्रीबुवांचे ब्रेड शिंपिणीकडे, आणि शिंपिणीचं गिऱ्हाईक थेट समुद्रात. संध्याकाळी ब्रेडच्या गाडीवाला उल्ब्रान आणखी तिघांना घेऊन आला, बाक उचलून पहिल्या जागी ठेवला आणि त्याचे पाय सिमेंटात बसवले. मला विचारलं नाही. मी बाकावरच होतो.

ता. क. २. सिमेंट ओलं असताना उल्ब्रानने विचारलं, ‘‘काका, तुमच्या ताई किती रुंद आहेत हो?’’ मी म्हटलं, का रे बाबा? तो म्हणाला, ‘‘बाक लांबवतोय. काका म्हणजे आमचा पत्ता. पण एकटा पत्ता किती दिवस टिकणार?’’ मी दोन्ही हात पसरून दाखवलं. (रागावू नकोस, थोडं कमीच दाखवलं.) बाक आता दोघांचा झाला आहे. मागच्या खोल्यांपैकी खिडकीची तुझी, तिला मी चुना लावून घेतला आहे, पिवळा रंग लागू दिला नाही. तुला आणायला मी स्वतः आलो असतो, पण मी इथून उठलो तर सबंध गाव चुकेल. तेव्हा पुढच्या गुरुवारच्या बसने तूच ये. मांजर टोपलीत घाल. माझी टपालाची टोपी खुंटीवर आहे, ती आठवणीने आण.

ता. क. ३. तुझ्याशिवाय मला करमत नाही, हे वर लिहायचं राहून गेलं. आणि ओर्तेन्सियाच्या चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आण. योर्लेनी म्हणते, या उन्हात त्या महिनाभरही जगायच्या नाहीत. न जगू देत. आपण त्या बाकाशेजारी लावू, चार लोकांनी बघितल्या म्हणजे झालं. बदामाची दोन झाडं कधीच गेली, तरी गाव अजून त्यांच्यापासून मोजतंय. वीस वर्षांनी तू नसशील, मी नसेन, बाकही नसेल, आणि कुणीतरी कुणाला तरी सांगत असेल, ‘‘एर्मेलिंदाबाईंची ओर्तेन्सिया होती ना, तिथून पन्नास मीटर,’’ आणि ऐकणारा न चुकता घरी पोचेल.