न वाकणाऱ्या गुडघ्याची गाडी

गिरगाव, मुंबई
रविवार, ७ सप्टेंबर १९५८

ती. अच्युतदादा यास,

धाकट्या नलूचा नमस्कार पोचावा. इकडे आई-अप्पा सुखरूप आहेत. पेणला मामांकडेही सारे तसेच असेल असे समजून लिहिते. समजूनच लिहावे लागते, कारण तुझे शेवटचे कार्ड जूनमधले होते. त्यात चार ओळी होत्या, पैकी दोन भाताच्या लावणीविषयी.

आईने पिठोरीची तयारी आरंभली आहे. अप्पा समितीची एकही सभा चुकवत नाहीत आणि घरी आल्यावर सगळी भाषणे आईला पुन्हा ऐकवतात. परवा आई म्हणाली, "मुंबई मिळेल तेव्हा मिळेल. आधी मोरीची तोटी कुणी बसवून देईल का?" ती मी बसवली. गळत नाही.

कॉलेजात मी आता ज्युनिअर बी.एस्सी.ला आहे. इंग्रजी व्याख्याने कळू लागली आहेत. मात्र वर्गात प्रश्न विचारायचा झाला तर तो आधी वहीत लिहून काढते, आणि लिहून होईपर्यंत तास संपतो.

एक घडले ते सांगायचे आहे. अप्पांनी गेल्या आठवड्यात भंगारवाल्याला बोलावले होते. मागच्या पडवीतली तुझी मोटरसायकल त्याने पायाने हलवून पाहिली आणि म्हणाला, "लढाईतला माल, साहेब. आता वजनावरच जाणार." मी पडवीच्या दारात आडवी उभी राहिले व नाही म्हणाले. अप्पांनी कारण विचारले. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासाला यंत्र हवे, असे मी सांगितले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "बी.एस्सी.ला आता लोहारकामही लावलंय वाटतं?"

भंगारवाला रिकाम्या हाती गेला. आज सकाळी घोडपदेवहून तुझा मित्र सीताराम येऊन गाडी पाहून गेला. गिरणीतल्या फिटरचे डोळे ते. त्याच्या मते इंजिन धड आहे, टाकी गंजली आहे, टायर संपले आहेत. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचे झाकण काढून त्याने आत बोट फिरवले. "बाय, ह्येच्यातलो कोळसो खंय गेलो?"

ठिणगीची वीज पुढे नेणारा तो कोळशाचा तुकडा दोन वर्षांत कुठेतरी पडला असेल, असे मी म्हटले.

तुला एक विचारायचे आहे. तुझा उजवा गुडघा आता किती वाकतो ते शक्यतो अंशांत कळव. कोनमापक पेणच्या बाजारात मिळेल. हसू नकोस.

तुझी लाडकी,
नलू

*

गिरगाव, मुंबई
रविवार, ५ ऑक्टोबर १९५८

ती. दादास,

नमस्कार. तुझे कार्ड आले. 'शून्य अंश. गाडी भंगारात घाल. ज्याला साफ केलेला मॅग्नेटो धड बसवता आला नाही आणि त्यापायी ज्याने जयवंत घालवला, त्याच्या हाती पुन्हा यंत्र देऊ नये.' तीन वाक्ये. पैकी पहिल्याचा मला फार उपयोग झाला.

दुसरे मी मानलेले नाही. तिसऱ्याविषयी लिहायचे आहे, पण आधी गाडीविषयी लिहिते.

तिचा गिअर उजव्या पायाने पाडायचा होता. तो आता हाताने पडतो. लढाईच्याही आधीच्या एका गाडीचा दांडा नळबाजारातल्या ढिगाऱ्यात सीतारामला सापडला. तो टाकीच्या कडेला बसवला आहे. उजव्या पायाचा टेकू आम्ही वीतभर पुढे नेला, म्हणजे पाय सरळ लांब ठेवून बसता येते. ब्रेक डाव्या पायाचाच असल्याने त्याला हात लावावा लागला नाही. हे सारे प्रथम मी वहीत आकृती काढून मांडले, वाचनालयातले इंग्रजी पुस्तक शब्दकोश शेजारी घेऊन वाचले. सीताराम पुस्तकाला हात जोडतो आणि म्हणतो, "लिवलेला सगळा खरा, बाय. पण तां विलायतेच्या पेट्रोलाक. हयसरच्यात घासलेट असता."

वहीत जमले ते अंगाला जमेल की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून मी शाळेतल्या दोन फुटपट्ट्या उजव्या गुडघ्याच्या दोन बाजूंना लावल्या, आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने आवळून बांधल्या आणि तशीच गाडीवर चढायला गेले. पहिल्या दिवशी पडले. दुसऱ्या दिवशी चढले, पण उतरता येईना. तिसऱ्या दिवशी उमगले की बसल्या बसल्या उजव्या पायाने किक मारण्याचा नाद सोडावा. गाडीच्या उजव्या अंगाला, न वाकणाऱ्या पायावर भार देऊन उभे राहावे आणि डाव्या पायाने मारावी. मात्र तेवढा वेळ गाडी आपली आपण उभी राहायला हवी. म्हणजे डाव्या बाजूला साइडकार हवी.

साइडकारचा नुसता लोखंडी सांगाडा मिळाला. वरचे अंग माहीमच्या कोळीवाड्यात हरेश्वर नावाचे होड्या बांधणारे सुतार आहेत, त्यांनी केले. माझा नकाशा त्यांनी उलटा धरून पाहिला. "बाय, ही गारी हाय का होरी?" मी म्हटले, गाडीच. "मंग नाक कशाला काडलंस?" वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून, असे मी पुटपुटले. ते हसले. "होरी पानी कापते, तुजी गारी वारा कापेल. आन, आमी जानतो त्ये." मोडलेल्या होडीच्या फळ्या त्यांनी इतक्या सुरेख वाकवल्या आहेत की सांध्यातून सुई जाणार नाही. माशाच्या तेलाचा वास मात्र जात नाही. आळीतली मांजरे तिला सोडत नाहीत.

आईला काळजी माझ्या नखांची. "बघायला येणारे आधी हात बघतात गं." मी म्हटले, येतील तेव्हा पाठीमागे धरीन.

दादा, माझे चित्त थाऱ्यावर नाही. एकच नट मी तीनदा सोडवून तीनदा आवळते. व्याख्यानाला बसले की वाटते, पडवीत काहीतरी सैल राहिले. हे पत्र लिहिताना चार वेळा उठून आले.

मॅग्नेटोतला कोळशाचा तुकडाही झाला. गिरणीतल्या विजेच्या मोटारीचा एक झिजलेला तुकडा सीतारामने आणला आणि मी तो काचकागदावर घासून आपल्या मापाचा केला. मापाला नमुना नव्हता. मला माप आठवत होते. सीतारामने विचारले, "तुका कसा ठाऊक?" मी म्हटले, दादा गाडी साफ करी तेव्हा सुटे भाग बशीत धरून मीच बसत असे.

छप्पनच्या त्या जानेवारीत तुला आणि तुझ्या मित्राला, जयवंतला, संयुक्त महाराष्ट्राची पत्रके घेऊन गाडीने परळला जायचे होते. गाडी सुरू झाली नाही. तुम्ही चालत निघालात आणि लालबागच्या नाक्यावर गोळीबारात सापडलात. तू गुडघा गमावून आलास. जयवंत आलाच नाही. हे तुला सांगायला नको. भूमितीच्या सिद्धतेसारखे ते क्रमाने लिहून मीच पाहते आहे.

यात एक पायरी गाळलेली आहे. तिसऱ्या वाक्याविषयी मी अजून लिहिले नाही, हे माझ्या ध्यानात आहे.

तुझी,
नलू

*

गिरगाव, मुंबई
रविवार, २६ ऑक्टोबर १९५८

अच्युतदादा,

नमस्कार पुढे लिहीन. आधी झाले ते लिहिते.

गाडी दसऱ्याच्या सकाळी चालू झाली. आईने हार घातला. सीताराम म्हणाला, "पयली फेरी जयवंताच्या आवशीकडे. तिका सोना देवया." मला नाही म्हणायचे होते. पण नाही म्हणायला कारण लागते, आणि ते दोन वर्षे नऊ महिने मी कुणालाच दिलेले नव्हते. आपट्याची पाने पदरात घेऊन मी साइडकारमध्ये बसले.

जयवंतच्या आईने, सखुबाईंनी, पाने घेतली, कपाळाला लावली. सीताराम खाली गाडीपाशी थांबला होता. चाळीतली माणसे तिच्याभोवती जमली होती. सखुबाईंनी फळीवरच्या डब्यामागून एक कार्ड काढले. "तू शिकलेली ना? हे वाच. शेजारची रखमा वाचून दाखवते, ती गावी गेलीय. आठ दिवस तसंच पडलंय."

अक्षर तुझे होते.

तू त्यांना दर महिन्याला पत्र घालतोस, हे आम्हांला कुणालाच ठाऊक नव्हते. मी वाचू लागले. 'सखुमावशी, या महिन्यातही तेच लिहितो. मॅग्नेटो आदल्या संध्याकाळी मीच साफ करून बसवला होता. चूक माझ्या हाताची. गाडी चालू झाली असती तर आम्ही गोळीबाराच्या आधी परळला पोचलो असतो...' इथे मी कार्ड खाली केले.

"पुढं?"

"पुढे तेच आहे."

"दर खेपेला तेच असतं. वाच."

मी शेवटपर्यंत वाचले. वक्तृत्वाच्या स्पर्धेत ज्या मुलीचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे गेला नाही, तिने तुझी क्षमायाचना खणखणीत वाचली. आणि मग त्याच आवाजात, थांबले तर पुन्हा कधी जमणार नाही म्हणून, पुढचेही बोलून टाकले. जे त्यांना सांगितले तेच तुला सांगते.

चूक तुझ्या हाताची नव्हती. तू मॅग्नेटो नीट बसवला होतास. तू जेवायला बसलास तेव्हा मी पडवीत जाऊन झाकण उघडले, कोळशाचा तुकडा काढला आणि झाकण होते तसे लावले. तूच शिकवले होतेस, म्हणून मला जमले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू किक मारत होतास आणि मी खिडकीत भूमितीचे पुस्तक धरून बसले होते. तू चाळीसच्या वर किका मारल्यास. जयवंत म्हणाला, "सोड रे, पायाने जाऊ, पाय काय भाड्याने दिलेत?" तुम्ही दोघे हसत गेलात. मी हाक मारली असती तर पायरीवरच थांबला असतात.

तुझ्या काळजीने केले, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितले. ते खरे नाही. तुझ्या चौकशीला पोलीस येत, अप्पा ओरडत, आई रडे, आणि माझी पूर्वपरीक्षा आठ दिवसांवर होती. मला घरात एक दिवस शांतता हवी होती. तू गाडीवाचून जाणारच नाहीस, असे मी धरून चालले. त्या वर्षी निकालात माझे नाव वर आले; तू इस्पितळातून मला पेढे आणवलेस. मी ते खाल्ले.

तुकडा मी त्याच संध्याकाळी विहिरीत टाकला होता.

सखुबाई आपट्याचे पान दुमडू लागल्या. मग म्हणाल्या, "किती वर्षांची होतीस?"

"सोळा."

"माझा तेवीस." आणि कार्ड डब्यामागे परत ठेवता ठेवता, "मला सांगायला इतकी वर्षं लागली?"

"हो."

"तुला माफ करायचं का नाही, ते मी बघीन सावकाश. मला घाई नाही. पण ह्या पोराची पत्रं बंद कर. त्याच्या कार्डात महिन्याच्या महिन्याला माझा मुलगा पुन्हा मरतो." दारापर्यंत आल्या तेव्हा म्हणाल्या, "तोंडानं सांग त्याला. कागदावर पोरगी लपते."

त्यांचे म्हणणे खरे आहे. तरी आधी कागदावर लिहिते आहे, कारण माझ्याकडून समोर ऐकायचे की नाही हे ठरवायला तुला वेळ मिळावा. मला तो कुणी दिला असता तर मी तो भिण्यात घालवला असता. तू घालवणार नाहीस.

खाली येऊन मी सीतारामला सांगितले. त्याने ऐकले आणि गाडी चालू केली. आपल्या दारात इंजिन बंद करून, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आयतवारी पेणाक जावचा हां. येतलंस मां?"

आई-अप्पांना आज सकाळी सांगितले. अप्पा आज सभेला गेले नाहीत.

तेव्हा दादा, येत्या रविवारी, २ नोव्हेंबरला, दुपारपर्यंत आम्ही मामांच्या फाटकाशी येऊ. गाडी सीताराम चालवील, मी साइडकारमध्ये असेन. माझे तोंड पाहायचे नसेल तर फाटकाला आतून कडी लावून ठेव. मी हाक मारणार नाही. सीताराम गाडी आत देईल आणि मी एस.टी.ने परत येईन. कडी लावलेली पाहून मी ती त्या दिवसापुरती आहे की कायमची, असेही कधी विचारणार नाही.

पण गाडी घे. टेकू पुढे-मागे सरकवता येतो. माझा पाय तुझ्याहून आखूड आहे, तेवढे माप तुला बसून पाहावे लागेल. डाव्या पायाने किक मारताना पहिले दोन-तीनदा पाय घसरेल. माझा घसरला होता. मग किक लागते.

मॅग्नेटो तू नीट बसवला होतास. हे एक वाक्य तुला बाकी सगळ्यावाचून ठेवता आले तर ठेव.

तुझी बहीण, जिने तुकडा काढला आणि हाक मारली नाही,
नलिनी