पाच संघांचं पंचांग

नॉर्थ यॉर्क,
गुढीपाडवा, १६ मार्च २०१०

चि. ईशानीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक. तूही बरी असशील. ओटावाची थंडी अजून हटली नसेल, पण आमच्याकडे यंदा मार्चमध्ये बर्फाचा पत्ता नाही. निमिष विंटर टायर्स काढायला निघाला होता. मी म्हटलं, थांब जरा, या देशाच्या हवेचा भरवसा धरू नये.

'चि.' लिहून मी बराच वेळ पेन हातात धरून बसले होते. तुझं निमिषशी लग्न झाल्यापासून 'चि. सौ. ईशानी' लिहायची सवय. तुमचे घटस्फोटाचे कागद झाले आणि 'सौ.' लिहिता येईना. 'कु.' लिहावं तर तू काही शाळेतली मुलगी नाहीस. शेवटी म्हटलं, चिरंजीव राहा. एवढंही पुष्कळ झालं.

आज गुढी उभारली. काठी तीच, तू शोधून काढलेली, वॉशरूमच्या पडद्याची दांडी. पहिल्या वर्षी तू ती खांद्यावर घेऊन आलीस तेव्हा मी कपाळाला हात लावला होता; आता तिच्याशिवाय पाडवा वाटत नाही. चौदाव्या मजल्यावर वारा असा की तांब्याला सुतळीचे चार वेढे द्यावे लागले. निमिषची आंघोळ आधी उरकून घेतली, नाहीतर गेल्या वर्षीसारखं वॉशरूमभर तळं.

आणि मग पंचांग! तुला आठवतं, मी नागपूरहून नवी नवी आले होते. तुझे सासरे जाऊन वर्ष व्हायचं होतं. पाडव्याला ते सगळ्यांना बसवून वर्षफल वाचायचे, पाऊस किती, पीक किती, कुणाला लाभ, कुणाला पीडा. ते आठवून मी डोळे पुसत होते, तर तू म्हणालीस, "अहो आई, पंचांग म्हणजे पाच अंगं ना? आपल्या टोरांटोच्या ब्लू जेजच्या डिव्हिजनमध्येपण पाचच टीम्स आहेत. आपण त्यांचं वाचू या." मला तेव्हा बेसबॉल म्हणजे चेंडू का दांडू तेही ठाऊक नव्हतं. पण तेव्हापासून दर पाडव्याला, हंगाम सुरू व्हायच्या आधी, आपण दोघी कोण कितवा येणार ते सांगत आलो. मागच्या वर्षी फोनवर वाचलं. यंदा लिहून पाठवतेय, कारण फोनवर मध्येच गप्प व्हायची खोड लागलीय आपल्याला.

तर ऐक. पहिला नंबर मी टँपाला देते. हसू नकोस. तरणी पोरं आहेत, चेंडू टाकणारे पिचर ताजे आहेत, आणि एक बेस मिळाला की दुसरा चोरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पैसा नसलेल्या घरातली मुलं जशी जिद्दीनं शिकतात, तसं त्यांचं खेळणं वाटतं मला. न्यूयॉर्क दुसरं. गेल्या वर्षीचे जगज्जेते असले म्हणून काय झालं? श्रीमंत विहिणीसारखं आहे त्यांचं. दिसेल तो दागिना विकत घ्यायचा. पण गुडघे थकत चाललेत, आणि गुडघे बाजारात मिळत नाहीत, हे मला विचार. बॉस्टन तिसरं. संघ चांगला आहे, पण मला त्यांचा तोरा आवडत नाही, बस, एवढंच कारण. तू म्हणशील, "आई, धिस इज नॉट ऑब्जेक्टिव्ह." नसू दे. वर्षफल वाचणाऱ्याला एवढी मुभा हवी.

बिचारं बॉल्टिमोर पाचवं. त्यांच्याबद्दल वाईट लिहायला हात धजत नाही.

राहिले आपले. पेपरवाले आपल्याला तळात टाकून मोकळे झालेत. माझं मन म्हणतं तिसरे, डोकं म्हणतं पाचवे, म्हणून चौथे लिहिते. तो दाढीवाला मात्र, गेल्या सप्टेंबरात धडाधड होम रन ठोकत होता बघ, त्याच्यावर नजर ठेव. मला त्याच्यात काहीतरी दिसतंय.

पण आपला हुकमी पिचर गेला गं. डिसेंबरात बातमी आली, फिलाडेल्फियाला दिला. आपल्या लिफ्टमध्ये दुखवटा होता. बिल्डिंगचा सुपरिंटेंडंट मला म्हणाला, "टफ डे, मिसेस डी." खरं सांगते, मला वाईट वाटलं पण राग आला नाही. किती वर्षं इमानेइतबारे इथं राबला. आपण त्याला एकदाही प्लेऑफ दाखवू शकलो नाही, त्यात त्याचा काय दोष? त्यालाही वाटलं असेल, एकदा तरी जिंकावं. जाऊ दे, तिथं सुखानं जिंकू दे. बदल्यात आपल्याला तीन नवी पोरं तरी मिळाली. तू गेलीस तेव्हा बदल्यात मला मिळाला एक डिशवॉशर, निमिषनं आणलेला. अजून त्याला सूर सापडलेला नाही. अर्धी भांडी मीच पुन्हा घासते.

निमिष बरा आहे. कामात असतो. रविवारी तुझा फोन आला की उठून आतल्या खोलीत जातो, पण दार लावत नाही.

आता मुद्द्याचं बोलते. सगळी जन्मकहाणी सांगून झाली आणि ज्यासाठी लिहायला बसले ते राहूनच जातंय.

परवा शनिवारी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाला गेले होते. श्रीखंडाच्या रांगेत तुझी मैत्रीण सीमा भेटली. म्हणाली, "काकू, ईशानीचं लग्न मे लाँग वीकेंडला आहे ना? सो हॅपी फॉर हर! तुम्हाला तर माहितीच असेल." मी म्हटलं, "हो हो, माहितीये." आणि वाटी घेऊन तशीच उभी राहिले. मागची बाई म्हणाली, "आजी, पुढे चला ना."

वाईट वाटलं, ईशानी. लग्नाचं नाही. तू मला सांगितलं नाहीस याचंही नाही. मी तुझ्या जागी असते तर माझीही जीभ रेटली नसती. वाईट याचं वाटलं की आता ही आपली कोण, याला मला शब्दच सापडेना. सून होतीस, ती राहिली नाहीस. आता दुसऱ्या घरची सून होशील. मग रविवारी फोन कुणाला, आणि पाडव्याला पंचांग कुणाशी?

घरी आले आणि पुण्याला तुझ्या बाबांना फोन लावला. रागावू नकोस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा, फोन हेच मला येतं. शरदचंद्र बिचारे आधी दचकले. मग म्हणाले, "सुनंदाताई, तुम्हाला कसं सांगावं, याच काळजीत आहे ती. मला डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. तिची आई तर कधीच गेली. पोरीच्या बाजूनं तिथं कॅनडात मांडवात कुणीच नाही हो." मग ते होणाऱ्या जावयाबद्दल, देवदत्तबद्दल सांगत बसले. तिथंच ओटावाजवळ कनाटात नोकरी आहे, शांत आहे, स्वयंपाक करतो. बाप्पा! स्वयंपाक करणारा असेल तर मी कोण अडवणारी?

तेव्हा मला कळलं, मला शब्द का सापडत नव्हता. मी चुकीच्या बाजूला उभी राहून शोधत होते.

पहिल्या लग्नात मी वरमाय होते. तुझ्या मावशीनं माझे पाय धुतले होते, आणि पाणी गार आहे म्हणून मी नाक मुरडलं होतं. या खेपेला मला तुझ्या बाजूला घे. खेळाडू इकडचे तिकडे जातात, मग मी का नको? मी विहीणबाईंचे पाय धुईन, पाणी कोमट ठेवीन, गौरीहराशी तुझ्याजवळ बसेन, तुझी ओटी भरीन; विधवेनं भरू नये म्हणणाऱ्यांना म्हणू दे. त्यांच्याकडच्या बायका विचारतील, या कोण? तर तूच काय ते सांग. यंदा वैशाख अधिक आहे, पण तो मेच्या मध्यावर संपतो, म्हणजे तुझा मुहूर्तही पंचांगात नीट बसतो. खरं पंचांग पाहून सांगतेय.

निमिषला मी काल सांगितलं. उठून खिडकीशी गेला. मग म्हणाला, "आई, यू शुड गो. मी ड्राइव्ह करून सोडतो तुला ओटावाला. हॉलमध्ये नाही येणार, पण सोडतो." तुमचं पटलं नाही, पण पोरगा वाईट नाही गं माझा. तूही कधी त्याला वाईट म्हणाली नाहीस, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

आणि उपकारांचं निघालंच आहे तर आज बोलूनच टाकते. मी इथं आले तेव्हा दिवसभर तोंडातून शब्द निघत नसे. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देणारी बाई, आणि इथं माझी लाइन कुणाशीच जोडलेली नाही. तू रेडिओ लावून दिलास, शेजारी बसून एकेक इनिंग समजावलीस, ऑफिसातून दमून आलेली असलीस तरी. मॅच बघायला डोममध्ये, त्या छपराच्या स्टेडियममध्ये नेलंस, माझ्या डोक्यावर निळी टोपी घातलीस. आता ती टोपी घालून खाली गेले की लिफ्टमधला प्रत्येक जण माझ्याशी बोलतो. तू मला या देशात माणसं मिळवून दिलीस, ईशानी. एवढं तर पोटच्या पोरानंही केलं नाही.

जूनमध्ये फिलाडेल्फिया इथं खेळायला येणार आहे. आपला तो पिचर परक्या टोपीत मैदानात उतरेल, आणि बघशील तू, अख्खा डोम उठून टाळ्या वाजवेल. मी तिकिटं काढतेय, तीन. देवदत्तला बेसबॉल येत नसेल तर मी शिकवीन. मला शिकवणारी चांगली होती.

लिफाफा पुन्हा एकदा बघ. आत नुसतं 'चि.' लिहिलंय, पण पत्त्याच्या वर मराठीत मी 'चि. सौ. कां. ईशानी' लिहिलंय. पोस्टमनला काही कळायचं नाही. सौ. कां. कुणाला लिहितात, ते तुला कळेल.

आणि एक. इतकी वर्षं तू मला 'अहो आई' म्हणालीस. सासूला तसंच म्हणतात, बरोबरच होतं. आता मी तुझी सासू नाही. तेव्हा रविवारी फोन करशील तेव्हा तो 'अहो' तेवढा सोडून दे.

वाट बघतेय,
तुझी
ए आई