हिरवळ आणि शेजारणीच्या शेळ्या

४ नोव्हेंबर
यांच्या बदलीने या माळावर आणून टाकलं. आजपासून पहाटे फिरणं सुरू. टिटव्या उगाच ओरडतात. गवत दिसायला रेशमी, पण कुसळं मोज्यांतून थेट पायात. परत आल्यावर पायरीवर बसून उपटली आणि अंगणात झटकली. रोज असंच करणार. एकही कुसळ घरात येऊ देणार नाही.

२० नोव्हेंबर
ताईला फोनवर सांगितलं, पुढच्या वर्षी ये, लॉनवर चहा घेऊ. म्हणाली, माळावर लॉन? तुझं लहानपणापासून हे असंच. आता तर लावणारच. बॉटनीची पदवी काय शोभेला घेतली?

२२ जून
पाऊस झाला. लॉनचं बी पेरलं. निम्मं पाखरांनी खाल्लं. उरलेलं पुरे.

६ जुलै
कोंब आले. मागोमाग शेजारणीच्या शेळ्या. आवरा म्हटलं, तर म्हणते, अहो बाई, कोवळं आहे तोवर खाऊ द्या, तुमचंच काम हलकं होईल. फुकट चराईला काय सुंदर कारण. यांना कुंपण घालायला लावलं. तिच्याशी बोलणं बंद.

१० ऑगस्ट
लॉन गुडघ्याएवढं. बी जातिवंत. हे म्हणाले, पायरीपाशीच एवढं दाट कसं? तिथे माझं लक्ष असतं, म्हणून.

५ ऑक्टोबर
कमरेएवढं. कुसळं धरली. बी शेजारणीकडूनच उडून आलं असणार. बोलणं बंद ठेवून सुनावता येत नाही, म्हणून सुरू केलं. तिचं अंगण मात्र साफ. लबाड. मला विचारते, बाई, फिरून आल्यावर मोजे कुठे झटकता? विषय बदलण्यात पटाईत. यांनी एक म्हण सुरू केली, दुसऱ्याच्या डोळ्यातलं. तिथेच थांबवलं.

१९ ऑक्टोबर
ताई उद्या येणार. कुंपण काढवलं. शेळ्यांना मी स्वतः बोलावलं. हुंगून परत गेल्या. शेजारीण म्हणाली, आता नाही खायच्या, तोंडाला टोचतं. शेळ्यासुद्धा तिच्यासारख्याच, अडून बसणाऱ्या.

२० ऑक्टोबर
ताईने फाटकातून पायरीपर्यंत येतानाच विचारलं, लॉन कुठंय? यातच आहे म्हटलं. चहा पायरीवरच झाला, कारण तिच्या साडीतली कुसळं काढायला तिघी लागलो. शेजारीण एकेक काढून वाटीत टाकत होती. मी माझी मूठ अंगणात झटकली. दोघी एकदम गप्प.
या माळाची हवाच वाईट. माणसं बोलता बोलता गप्प होतात.