लोखंड, मीठ आणि मेहुणे

प्रिय मेहुणे यांस,

भावोजींचा नमस्कार. तुमची बहीण ठणठणीत आहे, तुमचे मासे तिच्याहून ठणठणीत आहेत, आणि माझी तब्येत कुणी विचारत नसल्यामुळे मीही सांगत नाही. तिकडे नव्या नोकरीत तुमचं बस्तान बसलं असेलच. इकडे तुमची खाऱ्या पाण्याची टाकी मात्र जमिनीवर बसता बसता राहिली, त्याची ही हकिगत.

जाताना तुम्ही एवढंच म्हणालात, "भावोजी, काही करावं लागत नाही. फक्त स्टँडवर पाणी सांडलं की पुसून घ्या." या 'फक्त'मध्ये तुम्ही काय काय कोंबलं होतंत ते यथावकाश कळलं. पाणी बदलताना चार थेंब ओघळतात, वाळतात, आणि लोखंडी पायांवर मिठाची पांढरी पुटं चढतात. तुमची बहीण म्हणाली, गोड्या पाण्याच्या फडक्याने रोज पुसा. आता मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. (लोखंड गंजण्यावरच्या माझ्या तासाला शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा येऊन बसत. शेजारी गणिताचा तास असे, पण ते असो.) अशा माणसाने फडकं घेऊन गुडघ्यांवर बसायचं? मी शास्त्रीय उपाय केला. हवापाणी लागू नये म्हणून चारही पायांना प्लास्टिक गुंडाळून वर चिकटपट्टी लावली.

दोन महिन्यांनी पट्टी सोडली तर आत तांबूस पापुद्रे. खारं पाणी वरून झिरपून आत गेलं होतं, आणि बाहेर पडायला मीच वाट ठेवली नव्हती. तुमच्या बहिणीच्या नजरेस पडण्याआधी मी काळा रंग आणून त्या गंजावरच फासला. स्टँड नवरदेवासारखा दिसू लागला. तिने कौतुक केलं. (बावीस वर्षांच्या संसारात हे दुसऱ्यांदा घडलं, तेव्हाच मला धोका कळायला हवा होता.)

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी पेपर वाचत असताना कर्र असा आवाज झाला आणि टाकी पुढच्या डाव्या बाजूला कलली. मी धावत जाऊन तिला मिठी मारली. पुढचा पाऊण तास मी त्याच अवस्थेत होतो. तुमची बहीण तांब्याने पाणी उपसून पिंपात भरत होती, आणि तो नारिंगी पट्ट्यांचा मासा काचेला नाक लावून माझ्याकडे शाळातपासणीच्या साहेबासारखा बघत होता. तिने शांतपणे विचारलं, "तुमच्या शास्त्रात आता पुढे काय करतात?" मी टाकी आणखी घट्ट धरली. तिने कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याला फोन केला.

तो आला, पायावर नख मारलं, रंगाची सालपटं खाली पडली.

"गंजावरच रंग लावलात का, सर?"

'सर' ऐकून मी मान वर केली आणि ओळखलं. नववीत मी याला भर वर्गात 'गंजकं डोकं' म्हणालो होतो.

"रंगाऱ्याने लावला," मी म्हणालो.

"खोटं बोलू नका," तुमची बहीण म्हणाली.

त्याने कुजलेला पाय कापून नवा जोडला. उरलेलं लोखंड तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासलं, जस्ताचा प्रायमर आणि वर इपॉक्सी रंगाचे दोन हात दिले, नटबोल्ट न गंजणाऱ्या स्टीलचे बसवले, नळीखाली थेंब झेलायला ट्रे ठेवला. रंग पक्का होईपर्यंत आठवडाभर मासे पिंपात, पिंप न्हाणीघरात. मी सातही दिवस त्या नारिंगी साहेबांच्या समक्ष अंघोळ केली.

त्या दिवशी जाताना त्याने मला सगळं नीट समजावलं: मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, म्हणून रोज पुसायचं आणि मग कोरडं करायचं. "कळलं का, सर? नाहीतर परत सांगतो." त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, मेहुणे. असती तर बरं झालं असतं. वर्गात मी त्याला कधीच परत सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "परत सांग." त्याने सांगितलं. मग मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "कशाबद्दल, सर?" आणि ब्रश धुवायला घेतला.

हल्ली रोज सकाळी मी गुडघ्यांवर असतो. अशी अनमोल भेट आमच्याकडे सोडून गेल्याबद्दल तुमचे आभार कसे मानावेत ते सुचत नाही.

तुमचा,
भावोजी

ता.क. पुढच्या महिन्यात सुट्टीवर इकडे येताच तुम्ही टाकी घेऊन जाणार असं तुमची बहीण म्हणाली. इतकी घाई करू नका. नवा रंग मुरायला वेळ लागतो. साधारण तीन वर्षं.

ता.ता.क. टाकीत काल मी एक गोगलगाय आणून सोडली आहे. ती आमची. तुम्ही मासे नेलेत तर ती एकटी पडेल, तेवढा विचार करा.