चौतीस इंची कंबर

४ जानेवारी
लेकीचं लग्न ठरलं, एप्रिलच्या शेवटी. सूट मी स्वतः शिवणार. सगळ्या जगाला सूट शिवले, स्वतःला एकही नाही. बायकोच्या मते माझी कंबर वाढली आहे. टेप लावून बघा म्हणाली. मला टेप लागत नाही, नजरेत माप आहे.
तरी आजपासून कीटो. दुकानात पँटी आत घ्यायला येणारा जिमवाला यावरच निम्मा झाला. भात, पाव, बटाटा, साखर बंद. अंडी, लोणी, चीज, मटण चालू. लोणी खाऊन बारीक व्हायचं! इतकी वर्षं हे मला कोणी सांगितलं कसं नाही?
हे डाएट नव्हे, लाइफस्टाइल आहे. आजन्म.

९ जानेवारी
डोकं ठणकतंय. एका कोटाला उजवी बाही डावीकडे जोडली आणि गिऱ्हाइकावरच खेकसलो. जिमवाला म्हणतो, सुरुवातीला होतं असं.

१५ जानेवारी
जिमवाल्याला सहज विचारलं, मधूनअधून चीट डे चालतो का. निदान दोन-तीन महिने तरी नको म्हणाला. एकदा भात-पाव पोटात गेला की शरीर पुन्हा चरबी जाळायला लागेपर्यंत काही दिवस वाया जातात. नीट बस्तान बसलं की कधीतरी चालेल.
म्हणजे चालतो.

१६ जानेवारी
चीट डे. पाव, जाम, तळलेले बटाटे. काय प्रसन्न वाटलं! आजन्म टिकवायचं तर मन राजी हवं.

१७ जानेवारी
अर्धा पाव उरला होता, संपवला. पाव कालचा, तेव्हा चीट डेही कालचाच.

३ फेब्रुवारी
कापड कापलं. गडद निळं, दुकानातलं सगळ्यात भारी. कंबर धरली चौतीस.
बायको काज-बटणं करता करता म्हणाली, शिवणीत थोडी माया तरी सोडा, उद्या उसवून सैल करता येईल. गिऱ्हाइकांना मी ती नेहमी सोडतो, त्यांचा काय भरवसा! स्वतःच्या सुटात सोडायची म्हणजे आधीच हार मानायची. तिच्यादेखत कात्री चालवली. ती पुन्हा काज-बटणांकडे वळली. पटलं असावं.

२० फेब्रुवारी
लग्नाचे पदार्थ चाखायला केटररकडे. याला चीट डे म्हणता येणार नाही, हे बापाचं कर्तव्य. मायलेकी एकेक चमचा खाऊन मोकळ्या झाल्या. सखोल तपासणी एकट्या माझ्यावर पडली. पुडिंगबद्दल खात्री होईना, म्हणून तीनदा घेतलं.

११ मार्च
वजनकाटा बिघडलाय. बायकोचं वजन बरोबर दाखवतो, हे मान्य. पण ती हलकी, स्प्रिंगवर ताणच येत नाही.
नवीन धोरण: एप्रिलचे चीट डे मार्चमध्येच उरकायचे. एप्रिल कोरा करकरीत ठेवायचा.

२ एप्रिल
ट्रायल. पँट मांड्यांपाशी थांबली. कोटाचं बटण आणि काज यांची भेट होईना. कापड आटलंय. हेच कापड कधीच आटत नाही, असं मी आजवर छातीठोकपणे सांगत आलो. गिऱ्हाइकांची फसवणूक झाली, वाईट वाटतं.

१९ एप्रिल
कडक कीटो. लेक दुकानात आली. कोट हँगरवर बघितला, मग माझ्याकडे.
"बाबा, राहू दे ना आता. आहात तसे या."
मी म्हटलं, तू बघच. ती गेल्यावर डोळे भरून आले. पोरगी आता आठवडाभरच घरात. बिस्किटाचा पुडा उघडला. दुःखात खाल्लेलं धरत नाहीत.

२४ एप्रिल
श्वास आत ओढून बटण लावलं. श्वास सोडला आणि कोट पाठीत वरपासून खालपर्यंत फाटत गेला. दुसरं कापड आणून शिवायला वेळ नाही.
समोरच्या रेडिमेडवाल्याकडे गेलो. त्याच्या मालाला मी रोज गोणपाट म्हणतो. त्याने टेप लावून आकडा मोठ्याने सांगितला. इथे लिहीत नाही.

२६ एप्रिल, संध्याकाळ
लग्न पार पडलं. कोट अंगावर असा बसला होता की व्याही चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याला म्हणतात घरचं काम. आमच्यासाठीही एक होऊन जाऊ दे."
मी मान डोलावली. 
लेक दिवसभर मला चिकटून होती. माझं डावं मनगट तिने मुठीत घट्ट धरलेलं. फोटोवाला म्हणाला, हात सोडा, सरळ उभ्या राहा. सोडला नाही. जेवताना शेजारी बसली, तेव्हाही नाही. मला भडभडून आलं. बापाचा हात सुटत नव्हता पोरीला.
घरी येऊन कोट काढला. डाव्या बाहीवर, मनगटापाशी, कंपनीचं लेबल, टाक्यांसकट तसंच, चार बोटं रुंद. कुठलाही शिंपी ते आधी उसवतो.
लेकीने सकाळीच पाहिलं असणार.
बायको जेवायला बोलावतेय. नको म्हटलं. कीटोचा काही संबंध नाही.